मदरबोर्ड नव्हे, पंखा तुंबला होता (कॉम्प्युटर दुरुस्ती, नवी पेठ, सोलापूर – ४ स्टार)

आमचा कॉम्प्युटर २०१४चा. चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम. टॉवेलच्या कारखान्याची टॅली, जीएसटी आणि कामगारांचा आठवडा, एवढंच त्याच्यावर चालतं. पण एप्रिल लागला की दुपारी आपोआप बंद पडायचा. आधी दुसरीकडे दाखवला, तर झाकणही न उघडता "मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या" म्हणून कोटेशन हातात. पुण्याहून लेकाचंही तेच, "आई, भंगारात घाल ते."

या दुकानातल्या पोरानं माझ्यासमोर कॅबिनेट उघडलं. आमचे लूम घराखालीच, त्यामुळे प्रोसेसरच्या पंख्याखाली सुताची लव इतकी गच्च बसलेली की उपटल्यावर घोंगडीच्या तुकड्यासारखी अख्खी हातात आली. प्रोसेसरची उष्णता वर पोचवणारी खालची पेस्ट वाळून तिचे पापुद्रे झालेले. "अक्का, बोर्डाला काय झालं नाही. वारंच लागंना, मग ते गरम होऊन स्वतःच बंद होतंय की." ब्लोअर मारला, नवी पेस्ट लावली आणि मशीन चालू ठेवून स्क्रीनवर तापमान दाखवत बसला. मला विश्वास बसला तो तिथं.

दुसरं दुखणं तारखेचं. कॉम्प्युटर चालू केला की तारीख कुठल्या कुठं मागे गेलेली, मग जीएसटीची साइट 'सुरक्षित नाही' म्हणून उघडायचीच नाही. नेटवाला येऊन वायर बदलून गेला होता. दोष निघाला मदरबोर्डवरच्या, मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवणाऱ्या नाण्याएवढ्या सीआर २०३२ सेलचा!

मग हार्ड डिस्कच्या जागी २४० जीबीची एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क टाकली, टॅलीचा डेटा जसाच्या तसा उचलून आणला. जुनी डिस्क फेकली नाही, बॅकअपला ठेवून दिली. रॅमची एक जागा रिकामी होती, तिथं ४ जीबीची वापरलेली डीडीआर-थ्री पट्टी. आता चहा ठेवून यायच्या आत टॅली उघडलेली असते. मजुरीसकट सगळं साडेतीन हजारांच्या आत.

विंडोज ११चं विचारलं तर सरळ नाही म्हणाला. त्याला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. आडवाटेनं टाकता येतं, पण तुमच्या हिशोबाच्या मशीनवर मी टाकणार नाही, हे त्याचे शब्द. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, म्हणून मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतचे सुरक्षा अपडेट चालू करून दिले. त्यानंतर बँकेचं काम या मशीनवर करू नका, हेही बजावलं. दोन पैसे सुटत असताना गिऱ्हाइकाला असं कोण सांगतं हो?

एक स्टार कापला तो फोनसाठी. उचलतच नाहीत. 'संध्याकाळी देतो' म्हणजे दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ. पक्कं बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, पण घ्याच, एसएसडीची वॉरंटी त्याच्यावरच आहे. नवी पेठेत गाडी लावायला जागा नाही, कॅबिनेट रिक्षातूनच न्या.

आणि लूमवाल्यांसाठी त्यानं सांगितलेलं: कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका, टेबलावर घ्या. कारखान्यातल्या कॉम्प्रेसरची हवा थेट आत मारू नका, तिच्यात पाण्याचा अंश असतो.