ब्रिटिश विद्यापीठांची करिअर सेवा: एक वर्षाच्या मास्टर्सला जाणाऱ्यांनी तिच्याकडून काय घ्यावे

ब्रिटनमध्ये मास्टर्ससाठी जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप गटांत जून-जुलै उजाडला की एक प्रश्न हमखास विचारला जातो: "त्या विद्यापीठाचे प्लेसमेंट कसे आहे?" प्रश्न स्वाभाविक आहे. आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत ट्रेनिंग अँड प्लेसमेंट सेल कंपन्यांना आवारात बोलावतो, अॅप्टिट्यूड परीक्षेची तारीख लावतो आणि कोणाला किती पॅकेज मिळाले याचे फलक प्रवेशद्वारावर झळकवतो. ब्रिटिश विद्यापीठांची करिअर सेवा यांपैकी जवळजवळ काहीच करत नाही, आणि हे ठाऊक नसल्यामुळे आपली बरीच मुले पहिल्या महिन्यात एकदा तिथे डोकावून येतात, "इथे नोकऱ्या नाहीत" असा निष्कर्ष काढतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. मी उत्तर इंग्लंडमधील एका मोठ्या विद्यापीठात मास्टर्स करताना आणि त्यानंतरही ही सेवा सातत्याने वापरली. माझे मत स्पष्ट आहे: नोकरी लावून देणारी यंत्रणा म्हणून तिला गुण द्यायचे झाले तर ती नापास ठरेल, पण नोकरी मिळवण्यासाठी लागणारी तयारी करून घेणारी तालीम म्हणून ती उत्तम आहे, आणि तालमीप्रमाणेच तिथे रोज जाणाऱ्यालाच तिचा उपयोग होतो.

ही परंपरा जुनी आहे. ऑक्सफर्डमध्ये पदवीधरांना कामधंद्याचा मार्ग दाखवणारी समिती १८९२ मध्येच स्थापन झाली होती. आज असा विभाग बहुतेक प्रत्येक विद्यापीठात असतो. त्यात पूर्णवेळ करिअर सल्लागार असतात, भेटीची वेळ संकेतस्थळावरून घ्यावी लागते, सीव्ही तपासणी, सराव मुलाखती, कार्यशाळा आणि कंपन्यांचे मेळावे वर्षभर चालू असतात, आणि यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. परदेशी विद्यार्थ्यांकडून घेतल्या जाणाऱ्या भरभक्कम शुल्कातच हे सारे धरलेले असते. कर्ज काढून तेवढे शुल्क भरणाऱ्याने ग्रंथालयाइतकाच या विभागावरही आपला हक्क समजावा.

सर्वांत समृद्ध अनुभव सीव्हीच्या भेटीचा. भेट छोटी असते, साधारण वीस मिनिटांची, पण सल्लागार समोरचा कागद ज्या बारकाईने वाचतात ती बारकाई मला आपल्याकडे कुठेही पाहायला मिळाली नव्हती. आपल्या पद्धतीच्या बायोडेटातले छायाचित्र, जन्मतारीख, वडिलांचे नाव, वैवाहिक स्थिती आणि शेवटी "वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे" असे सहीसह दिलेले निवेदन हे सारे पहिल्याच मिनिटात बाहेर जाते. तिथे समानता कायदा २०१० नुसार वय, वंश, धर्म, विवाह अशा बाबींवरून उमेदवारांत भेदभाव करणे बेकायदा आहे, त्यामुळे अशी माहिती सीव्हीत देण्याची प्रथाच नाही. उरतात ती दोन पाने, आणि त्यांतली प्रत्येक ओळ प्रश्नांच्या भट्टीतून जाते.

मी चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम केले होते आणि सीव्हीत "येणाऱ्या मालाच्या तपासणीची जबाबदारी" एवढेच लिहिले होते. सल्लागार बाईंनी त्या ओळीवर पेन ठेवून विचारले की म्हणजे दिवसभरात नेमके काय करत होतात. कास्टिंग (धातूचे ओतीव भाग) मोजत होतो. मोजून काय करत होतात? रिजेक्शन झालेले नग वहीत लिहीत होतो. वहीचे पुढे काय होत असे? काहीच नाही, म्हणून मीच एक्सेलमध्ये सप्लायरनुसार तक्ता करायला लागलो आणि एकाच सप्लायरच्या मालात तोच दोष पुन्हा पुन्हा येतो हे त्यातून दिसले. "मग हे कुठे लिहिले आहे?" असे त्यांनी विचारले. कागदावर नव्हतेच. भेट संपेपर्यंत त्या एका ओळीच्या जागी काय केले, कशाने केले आणि त्यातून काय निष्पन्न झाले हे सांगणारी नवी ओळ आली होती, आणि ती शब्दन् शब्द माझी होती, सल्लागारांनी फक्त विचारले होते. स्वतःच्या कामाकडे असे पाहण्याची सवय लागणे हे या सेवेकडून मिळणारे पहिले खरे कौशल्य. गुणांच्या बाबतीतही त्यांचा सल्ला मोलाचा ठरतो. तिथे मास्टर्सला ५० गुणांना उत्तीर्ण आणि ७० ला डिस्टिंक्शन मानतात, त्यामुळे आपल्या विद्यापीठातला वर्ग आणि श्रेणी यांचा अर्थ वाचणाऱ्याला कळेल अशी टीप जोडावी, हे त्यांनीच सुचवले.

सीव्ही तपासणारे संगणकीय साधनही बहुतेक ठिकाणी असते. फाइल टाकली की ते गुण देते आणि सुधारणा सुचवते. मांडणी, लांबी, क्रियापदे यांसाठी ते ठीक आहे, पण कास्टिंगच्या वहीचे पुढे काय झाले हा प्रश्न ते विचारत नाही. यंत्राचे गुण वाढवण्यात संध्याकाळ घालवण्यापेक्षा माणसाची भेट मिळवावी.

मुलाखतीच्या सरावाचे महत्त्व आपल्या मुलांसाठी तर विशेषच आहे. तिथल्या मुलाखतीत तांत्रिक प्रश्नांच्या जोडीने "एखाद्या सहकाऱ्याशी मतभेद झाला तेव्हा तुम्ही काय केलेत" अशा जातीचे प्रश्न येतात, आणि त्यांची उत्तरे परिस्थिती, काम, कृती आणि परिणाम या चार टप्प्यांत द्यावीत असे शिकवले जाते. ही चौकट इंटरनेटवर कोणालाही वाचायला मिळेल. अडचण वेगळीच असते. आपण घरात आणि वर्गात श्रेय वाटून घेण्याच्या संस्कारात वाढलेलो असतो, त्यामुळे प्रकल्पाविषयी बोलताना सारे काही गटाने केले असेच सांगतो, आणि ऐकणाऱ्याला उमेदवाराचा स्वतःचा वाटा कळतच नाही. सराव मुलाखतीत सल्लागार मध्येच थांबवून "यात तुमचा भाग कोणता?" असे विचारतात. सुरुवातीला हे प्रौढी मिरवल्यासारखे वाटते, पण आपला वाटा अचूक सांगणे आणि दुसऱ्याचा वाटा हिरावून न घेणे या दोन्ही गोष्टी एका उत्तरात साधता येतात, हे सरावानेच उमगते.

मोठ्या कंपन्यांच्या निवडप्रक्रियेत त्याआधी ऑनलाइन चाचण्या आणि ध्वनिचित्रमुद्रित मुलाखत असते. पडद्यावर प्रश्न उमटतो, विचाराला काही सेकंद मिळतात आणि समोर माणूस नसताना कॅमेऱ्याकडे पाहून बोलावे लागते. दोन्हींचा सराव करिअर विभागाच्या संकेतस्थळावर करता येतो. शेवटच्या फेरीतल्या असेसमेंट सेंटरची रंगीत तालीमही होते: सहा-आठ अनोळखी विद्यार्थी एका टेबलाभोवती बसतात, त्यांना सोडवायला एक प्रकरण (केस स्टडी) दिले जाते आणि निरीक्षक मागे बसून नोंदी घेतात. आपल्याकडच्या ग्रुप डिस्कशनची सवय असलेला विद्यार्थी तिथे सर्वांत जास्त बोलण्याचा प्रयत्न करतो. निरीक्षकांच्या नोंदीत मात्र गप्प बसलेल्याला बोलते करणारा, वेळेकडे लक्ष देणारा आणि ऐकलेल्या मुद्द्याचा धागा पुढे नेणारा उमेदवार वर असतो. ही तालीम वर्षातून मोजक्याच वेळा होते आणि जागा लगेच भरतात, तेव्हा नोंदणी खुली होताच नाव द्यावे.

आता वेळापत्रकाविषयी, कारण एक वर्षाच्या मास्टर्सचे खरे संकट तेच आहे. मोठ्या कंपन्यांच्या पदवीधर योजनांचे, म्हणजे नव्या पदवीधरांना घेऊन तयार करणाऱ्या भरती योजनांचे, अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये खुले होतात आणि त्यांतले कितीतरी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बंदही होतात. आपला विद्यार्थी सप्टेंबरअखेरीस पोहोचतो, मग घर, बँक खाते, थंडीचे कपडे यांत महिना जातो आणि डिसेंबरमध्ये सत्र संपल्यावर तो करिअर विभागाकडे वळतो, तेव्हा त्या वर्षीच्या बऱ्याच योजना बंद झालेल्या असतात. तीन वर्षांची पदवी घेणाऱ्या स्थानिक विद्यार्थ्याला पुढचे वर्ष मिळते, याला मिळत नाही. अनेक विद्यापीठे प्रवेश निश्चित झालेल्या विद्यार्थ्यांना संकेतस्थळावरील साधने आधीच खुली करतात. व्हिसाची वाट पाहताना घरी बसूनच सीव्हीचा पहिला मसुदा आणि चाचण्यांचा सराव उरकावा. याची सूचना विद्यापीठाने ठळकपणे द्यायला हवी होती. मला ती स्वागताच्या ईमेलांच्या ढिगात खाली कुठेतरी सापडली, आणि या सेवेविषयीची माझी एक मोठी तक्रार हीच आहे.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. संकेतस्थळावरच्या नोकऱ्यांच्या यादीत कोणती कंपनी व्हिसासाठी प्रायोजकत्व देते, म्हणजे परदेशी उमेदवाराला कामाचा व्हिसा मिळावा म्हणून त्याची पुरस्कर्ती होते, हे नीट गाळून पाहण्याची सोय नव्हती, आणि मेळाव्यात रांगेत उभे राहून पुढे गेल्यावर "आम्ही प्रायोजकत्व देत नाही" हे वाक्य ऐकावे लागे. सल्लागारांकडे व्हिसाचा विषय काढला की ते आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडे पाठवतात. यात त्यांचा दोष नाही, कारण तिथे अधिकृत मान्यतेविना व्यक्तिगत इमिग्रेशन सल्ला देणे हा गुन्हा आहे. परंतु परदेशी विद्यार्थ्याच्या बाबतीत करिअर आणि व्हिसा हे दोन विषय वेगळे करताच येत नाहीत. शिक्षणानंतर तिथे राहून काम करू देणाऱ्या ग्रॅज्युएट व्हिसाची मुदत मास्टर्स झालेल्यांसाठी ३१ डिसेंबर २०२६ पर्यंतच्या अर्जांना दोन वर्षे, तर १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना १८ महिने ठरली आहे; आणि जुलै २०२५ पासून प्रायोजक कंपनीतल्या नोकरीवर मिळणाऱ्या स्किल्ड वर्कर व्हिसासाठी सर्वसाधारण किमान वार्षिक वेतन ४१,७०० पौंड, तर नवख्या उमेदवारांसाठी ३३,४०० पौंड झाले आहे. विद्यार्थ्याने कोणत्या क्षेत्रात अर्ज करावेत हे या आकड्यांवर अवलंबून असते. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर परवानाधारक प्रायोजकांची यादी कोणालाही उतरवून घेता येते. ती हाताशी ठेवून मेळाव्यातल्या कंपन्या आधीच निवडून जावे.

विद्यापीठाच्या आवारातली अर्धवेळ कामे बहुधा याच विभागाच्या संकेतस्थळावर जाहीर होतात, म्हणून तिथल्या नव्या कामांच्या सूचना (अलर्ट) चालू ठेवाव्यात. सत्रात आठवड्याला २० तासांची मर्यादा असते आणि मास्टर्सच्या उन्हाळी प्रबंधाचा काळही सत्रातच धरला जातो, हे मात्र विसरू नये.

माजी विद्यार्थ्यांशी जोडून देणारी मार्गदर्शन योजना मला सर्वांत कमी वापरली गेलेली आणि सर्वांत उपयुक्त वाटली. माझ्या क्षेत्रातल्या एका माजी विद्यार्थ्याने दरमहा अर्धा तास देऊन कोणते सॉफ्टवेअर खरोखर वापरले जाते, जाहिरातीत मागितलेल्या अटींपैकी कोणत्या पक्क्या असतात आणि मँचेस्टर-लीड्सकडच्या मध्यम आकाराच्या कंपन्या वर्षभर भरती कशी करतात हे समजावून सांगितले. हे ज्ञान सल्लागारांकडे नसते, कारण प्रत्येक क्षेत्र आतून जाणणे त्यांना शक्य नाही.

पदवी मिळाल्यावरही ही सेवा काही काळ चालू राहते. किती काळ ते विद्यापीठानुसार बदलते, काही ठिकाणी दोन वर्षे. भारतात परतलेल्यांनाही ऑनलाइन भेट घेता येते, आणि पुण्या-मुंबईतल्या बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या मुलाखतींसाठी तीच तयारी कामी येते. विद्यापीठाचा ईमेल मात्र अभ्यासक्रम संपल्यावर काही महिन्यांत बंद होतो, म्हणून करिअर संकेतस्थळावरील खात्याला स्वतःचा कायमचा ईमेल पत्ता दीक्षान्त समारंभाच्या आधीच जोडून ठेवावा.