दावा दुरुस्त करावा की काढून घेऊन नवा लावावा?
मनाई हुकमाचा दावा चालू असतानाच प्रतिवादीने बांध फोडून चार गुंठे बळकावले. आता ताब्याची मागणी कुठे बसवायची?

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ६ रूल १७ खाली दुरुस्ती अर्ज दिला, तर जुना दावा आणि मिळालेला स्टे, म्हणजे तात्पुरता मनाई हुकूम, शाबूत राहतो. अडचण वेळेची. या रूलला २००२ मध्ये जोडलेल्या परंतुकानुसार, म्हणजे अटीनुसार, पुराव्याचं काम सुरू झाल्यावर, दक्षता घेऊनही हे आधी मांडता आलं नसतं, हे दाखवावं लागतं. अतिक्रमणच नंतरचं असेल तर सोपं. सातबारा पहिल्यापासून फाईलला असून गट नंबर चुकला असेल तर वकिलाला घाम फुटतो. मंजुरीच्या आदेशात मुदत नसेल, तर १४ दिवसांत दुरुस्ती वादपत्रात, म्हणजे दाव्याच्या मूळ कागदात, उतरवायची. हे विसरणारे थोडे नाहीत!

ऑर्डर २३ रूल १(३) खाली नव्या दाव्याची मुभा घेऊन दावा काढून घेतला, तर पाटी कोरी. पण स्टे जातो, कोर्ट फी पुन्हा, आणि दावा लावण्याची कायदेशीर मुदत पहिला दावा लावलाच नव्हता अशी मोजतात. मुभेशिवाय दावा काढून घेत असल्याची नुसती पुरसिस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, दिली की त्याच विषयावर पुन्हा दावा नाही. बांधाच्या भांडणात मी दुरुस्तीच मागेन. दावा सरकारविरुद्ध असून त्याआधी द्यायची संहितेच्या कलम ८० ची नोटीसच राहिली असेल, तर मात्र ही दुसरी वाट.