घोडी पूर्ण सांभाळायला द्यावी की वाटेकरी घ्यावा?

घोडं विकायचं नाही, पण रोज वेळ देणंही जमत नाही, अशा अडचणीतल्या मालकापुढे साधारण दोन वाटा असतात. मालकी आपली ठेवून जनावर दुसऱ्याच्या पागेत सांभाळायला द्यायचं, किंवा ते आपल्याच पागेत ठेवून आठवड्यातले दोन-तीन दिवस एखाद्या वाटेकऱ्याला, म्हणजे खर्चाचा वाटा उचलून स्वारी करणाऱ्याला, द्यायचे. माझ्या घोडीसाठी मी दोन्ही केलं आहे. ती आधी सव्वा वर्ष बाहेर होती आणि आता तिसरं वर्ष वाटेकरी आहे. म्हणून मी अगदी तटस्थ आहे असं म्हणणार नाही.

नुसत्या पैशांचा विचार केला तर सांभाळायला देणं मालकाला नक्कीच हलकं जातं. वैरण, चंदी म्हणजे दाणा, पागेचं भाडं, नाल ठोकणारा नालबंद, लसी, जंतांची तपासणी, वर्षाकाठी एकदा दात घासून घेणं, हे सगळं सहसा सांभाळणाऱ्याकडे जातं. मालकाकडे फार तर विमा उरतो. 500 किलोच्या घोड्याला दिवसाला 8 ते 10 किलो कोरडी वैरण लागते. एवढा एकच आकडा डोक्यावरून उतरला तरी किती मोकळं वाटतं, ते पाळणाऱ्यालाच कळेल. वाटेकरी घेतला तर माझ्या हिशेबात जेमतेम तिसरा हिस्सा सुटतो. आणि उरलेले चार दिवस लीद उपसायला आपणच जायचं असतं.

तरीही माझं मन फिरलं ते नालांवरून.

माझ्या घोडीला दर 6 आठवड्यांनी नालबंद लागतो. कराराच्या कागदावर आम्ही ‘नालबंदाचा खर्च सांभाळणाऱ्याकडे’ एवढंच लिहिलं होतं. खर्च कुणाचा हे ठरलं, पण तारीख कुणी धरायची ते राहून गेलं. जिच्याकडे घोडी दिली ती बाई मनापासून जीव लावणारी होती. अंगाला खरारा, पाणी, चंदीची वेळ, कशात कसूर नव्हती. पण वैरणीचा खर्च रोज थोडाथोडा जातो, नालबंदाचा एकदम येतो. नाल तर चारही पायांत दिसताहेत, मग जाऊ दे अजून एक आठवडा, असं होत गेलं. सहाचे आठ झाले, आठाचे दहा.

मी महिन्यातून एकदा भेटायला जायचो तेव्हा नजर आधी खुरांवर जायची. खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढतो. पुढचं टोक लांबत जातं, नाल त्याच्याबरोबर पुढे सरकतो आणि टाचेखालचा आधार कमी होतो. पायामागच्या कंडरांवर ताण येतो तो त्यामुळे. खिळ्यांची वळवलेली टोकं सुटून वर आलेली मी बोटांनी चाचपून पाहिली आहेत. घोडी दुडक्या चालीत ठेचकाळायला लागली होती आणि ती बाई म्हणत होती, आळस करते आहे.

पहिल्यांदा मी सहज बोललो. दुसऱ्यांदा निरोप धाडला. तिसऱ्यांदा तिने विचारलं, “माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?” मला उत्तर सुचलं नाही, कारण विश्वास होता. आज विचार करतो तेव्हा तिची बाजूही पटते. जो पैसे देतो तोच वेळ ठरवणार, त्यात तिचा काय दोष? पण खर्च तिचा होता आणि खूर माझ्या घोडीचे होते. बिघडायला काही महिने लागले. नवा खूर वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत यायला 9 ते 12 महिने लागतात, सुधारायला तेवढे सगळे लागले. नालबंदाने दर खेपेला थोडंथोडं करत तिचे पाय पुन्हा जागेवर आणले.

त्यानंतर घोडी घरच्या पागेत आली आणि मी वाटेकरी घेतला. आता नालबंद, डॉक्टर, लसी आणि विमा हे चारही माझ्याकडे आहेत. वाटेकरी महिन्याच्या सुरुवातीला ठरलेली रक्कम देतो. नालबंदाचा त्याचा हिस्सा त्यातच धरलेला आहे. नालबंद ज्या महिन्यात येतो त्यात आणि येत नाही त्यातही रक्कम तीच. त्याच्या तीन दिवसांत लीद, पाणी, खरारा आणि वैरण त्याने बघायची. स्वारीच्या शिकवणीचे पैसे तो स्वतः देतो. खोगीर आवळायचा तंगाचा पट्टा वापरून झिजला तर अर्धाअर्धा, कुणाच्या चुकीने तुटला तर ज्याचा त्याने.

यातही कटकटी आहेतच. दोन माणसांचे हात वेगळे, त्यामुळे लगामावर घोडी कधीकधी गोंधळते. दिवसांची अदलाबदल सतत चालू असते. वजनाचा विषय मात्र आधीच बोलून घ्या. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या भागापर्यंत असावं, असा ढोबळ हिशेब बरेच जण धरतात. मी त्याहून थोडं कमीच धरतो.

घोडं लंगडलं तर वाटेकऱ्याने पैसे द्यायचे का, हा प्रश्न जास्त नाजूक आहे. स्वारी नाही तर पैसे कशाचे, हे त्याचं म्हणणं रास्त असतं. वैरण तर चालूच आहे, हे मालकाचंही खरं. आमच्यात पहिला महिना पूर्ण रक्कम, त्यानंतर अर्धी, असं ठरलं आहे. घोडी एकदा पाच आठवडे उभी होती तेव्हा हे वाक्य कागदावर असल्यामुळे एकही कडू शब्द झाला नाही. उलट त्या दिवसांत तो येऊन तिला हाताने धरून फिरवत असे.

पोटशुळाच्या बाबतीत मात्र दोन्ही व्यवस्था सारख्याच अवघड आहेत. घोड्याला उलटी करता येत नाही. आतड्याला पीळ पडला तर शस्त्रक्रिया करायची की नाही, हे काही तासांत ठरवावं लागतं. घोडं कुठेही असो, जवळ जो असेल त्याला मालकाला न विचारता डॉक्टर बोलावण्याची लेखी मुभा हवी. मालक फोनवर सापडला नाही तर किती खर्चापर्यंत जायचं, शस्त्रक्रिया करायची का, आणि घोड्याला शेवटचं इंजेक्शन द्यायची वेळ आली तर होकार कुणाचा, हे आधी बसून लिहा. आम्ही ते लिहिलं त्या संध्याकाळी दोघांनाही जेवण गेलं नाही. पण कागद पागेच्या दाराआड लटकलेला आहे आणि मला त्याचा आधार वाटतो.

विमा कंपनीला घोडं दुसऱ्याकडे आहे किंवा दुसरा कुणी स्वारी करतो, हे कळवायला विसरू नका. त्रयस्थाला इजा झाली तर कुणाचा विमा लागू होईल, तेही विचारून घ्या.

आता, सगळ्यांना वाटेकरी जमेलच असं नाही. तुम्ही दूर राहायला जात असाल, आजारपण असेल, किंवा पागाच उरली नसेल, तर सांभाळायला देणं हाच मार्ग आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. चांगली माणसं मिळतात, मलाही मिळाली होती. मला पुन्हा तशी वेळ आली तर वैरण, चंदी, पागा सगळं खुशाल त्यांच्याकडे देईन. फक्त नालबंदाचे पैसे दरमहा आगाऊ माझ्याकडे घेईन, नालबंद मी ठरवीन, आणि तो हातोडी पिशवीत टाकायच्या आत पुढच्या खेपेची तारीख त्याच्याकडून वहीत लिहून घेईन.