साधं आयव्हीएफ की इक्सी? अंड्याच्या कवचापाशी फरक कळतो

मुंबईच्या केईएम रुग्णालयात 1986 साली जन्मलेलं टेस्ट-ट्यूब बाळ साध्या आयव्हीएफचं, म्हणजे शरीराबाहेर प्रयोगशाळेत फलन घडवण्याच्या पद्धतीचं. इक्सी, म्हणजे शुक्राणू सुईनं थेट अंड्यात सोडण्याची पद्धत, तेव्हा नव्हतीच. साध्या पद्धतीत अंड्याभोवती 50 हजार ते 1 लाख शुक्राणू सोडतात. 15-20 मायक्रॉन जाडीचं झोना पेल्युसिडा कवच शुक्राणूनं स्वतःच भेदायचं. एक आत शिरला की अंड्यातल्या कणिका ओव्हॅस्टॅसिन हे विकर सोडतात, कवचातलं झेडपी-2 प्रथिन कापलं जातं आणि बाकीच्यांना दार बंद. उशीर झाला तर दुसराही घुसतो. 16-18 तासांनी दोनऐवजी (एक अंड्याचं, एक शुक्राणूचं) तीन केंद्रकं दिसतात, तो गर्भ बाद.

इक्सीत सुई कवच टोचून एकच शुक्राणू आत सोडते. तिथंही तीन दिसलीच, तर बहुधा दुसरी पोलर बॉडी (जादा गुणसूत्रं घेऊन अंड्याबाहेर पडणारी छोटी पेशी) बाहेर पडलेली नसते. काही अंडी मात्र टोचताना फुटतात. शुक्राणू धडधाकट असतील तर इक्सीवर जादा खर्च कशाला?