शाळेच्या खात्यात पैसा द्यावा की शाळेच्या दारात वस्तू?

गावच्या जिल्हा परिषद शाळेला मदत करू पाहणाऱ्या विदर्भातील ग्रामपंचायतींपुढे आणि माजी विद्यार्थ्यांपुढे दोन पर्याय असतात : रक्कम शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात जमा करणे, किंवा वस्तू स्वतः खरेदी करून देणे. शासनाने हे दोन्ही करून पाहिले आहे.

गणवेशाचेच पाहा. समग्र शिक्षा योजनेत दोन गणवेशांसाठी विद्यार्थ्यामागे ६०० रुपये मिळतात आणि पूर्वी ते समितीच खर्च करीत असे. २०२४-२५ मध्ये कापड राज्यस्तरावर घेऊन महिला बचत गटांकडून शिलाई करून घेण्याची पद्धत आली. दर्जा सर्वत्र सारखा राहावा हा हेतू योग्यच होता. परंतु गणवेश उशिरा पोहोचले, अनेकांना मापात बसले नाहीत, आणि डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने खरेदीचे अधिकार पुढील वर्षापासून पुन्हा समित्यांना दिले. गावचा शिंपी मुलाला समोर उभे करून माप घेतो. ती सोय वरून आलेल्या गठ्ठ्यात नसते.

थेट निधीची अडचण वेगळी आहे. संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते : ३० पर्यंत पट असल्यास वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० असल्यास २५,०००. मेळघाटात किंवा गडचिरोलीत वीस मुलांच्या शाळेलाही वीजबिल, खडू, हातपंपाची दुरुस्ती आणि वादळात फुटलेली कवेलू चुकत नाहीत. त्यातच हप्ता वर्षअखेरीस आला, तर ३१ मार्चपूर्वी तो कसाबसा खर्ची पडतो. हे मला फार अन्यायाचे वाटते.

पैसा वाटेतच गळण्याची भीतीही खरी आहे. युगांडात १९९१ ते १९९५ या काळात प्रतिविद्यार्थी अनुदानापैकी सरासरी १३ टक्केच शाळांपर्यंत पोहोचत होते. पुढे सरकार रकमा वर्तमानपत्रांत छापू लागले, शाळांनाही त्या फलकावर लावाव्या लागल्या, आणि २००१ पर्यंत हे प्रमाण ८० टक्क्यांवर गेले.

म्हणून माझा कौल खात्याकडे आहे. शिक्षण हक्क कायद्याने समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला ठेवल्या आहेत. छत कुठे गळते हे त्यांना ठाऊक असते. पाठ्यपुस्तके बालभारतीकडून येतात ते ठीकच, कारण ती सर्वांना सारखीच लागतात. सौर संचासारखी हमी लागणारी वस्तू मात्र ग्रामपंचायतीने स्वतः घ्यावी. बाकी रक्कम विदर्भातील शाळा जूनअखेरीस उघडण्यापूर्वी जमा करावी आणि जमा-खर्च शाळेच्या दर्शनी भिंतीवर लिहिण्याची अट आधीच ठरावात घालावी.