पीसीव्ही व्हॉल्व्ह बदलल्यानंतरचे 9 महिने

इंजिनात साठणाऱ्या वायूला वाट करून देणारी छोटी झडप म्हणजे पीसीव्ही व्हॉल्व्ह. माझ्याकडे 1999 सालची, 4 सिलिंडरची पेट्रोल गाडी आहे. दोन वर्षांत तिच्या टॅपेट कव्हरचे (इंजिनावरच्या झाकणाचे) पॅकिंग दोनदा आणि क्रँकचे (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याचे) मागचे ऑइल सील एकदा बदलून झाले होते. या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, त्यामुळे सील स्वस्त आणि मजुरी भरमसाट असा तो मामला असतो. तरीही पन्हाळ्याला जाऊन आले की दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातल्या फरशीवर ताटाएवढा काळा डाग पडलेला असे, आणि हजार किलोमीटरमागे सुमारे अर्धा लिटर ऑइल वरून घालावे लागे.

गेल्या जूनमध्ये कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वयस्कर मिस्त्रींनी गाडीखाली न जाता इंजिन चालू ठेवायला सांगितले, ऑइल भरण्याचे झाकण काढले आणि त्या तोंडावर किराणा दुकानाची पावती ठेवली. ती आत ओढली जायला हवी होती, पण थरथरत उडून बॅटरीवर जाऊन पडली. "साहेब, सील बदलून काय हुतंय? आत वारं कोंडलंय, त्याला आधी वाट करून द्या," एवढेच ते म्हणाले. झाकणाच्या आतल्या बाजूस पिवळट खव्यासारखा लगदा जमला होता. पावसाळ्यात घर ते शाहूपुरी एवढ्याच फेऱ्या झाल्या की इंजिन पुरेसे तापत नाही आणि आतली वाफ ऑइलमध्ये मिसळून असा लगदा तयार होतो.

पिस्टनच्या रिंगांना चुकवून थोडा वायू क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीत, उतरतोच; नव्या इंजिनातही ते टळत नाही. पूर्वी तो नळीवाटे सरळ रस्त्यावर सोडत असत. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात प्रदूषणाच्या कारणाने तो इंटेकमध्ये (इंजिनात हवा जाण्याच्या वाटेत) ओढून पुन्हा जाळण्याची व्यवस्था आली, आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह हा तिचा दरवान आहे. आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) इंटेकची ओढ जोरदार असते तेव्हा त्यातली दांडी ओढली जाऊन वाट अरुंद होते. चढाला ॲक्सिलरेटर दाबला की ओढ कमी होते आणि स्प्रिंग ती वाट मोकळी करते. माझा व्हॉल्व्ह काजळीने इतका चिकटला होता की हलवल्यावर खुळखुळण्याचा आवाजही येत नव्हता. वाट बंद झाल्यावर कोंडलेला दाब जिथे सील कच्चे असेल तिथून ऑइल बाहेर ढकलणार, हे उघड आहे.

नवा व्हॉल्व्ह काहीशे रुपयांत मिळाला, पण पहिला दुसऱ्याच गाडीचा निघाला. दिसायला हुबेहूब असूनही त्यातून वारा जास्त जात असावा, कारण आयडलिंग वरखाली होऊ लागले. गाडीच्या मॉडेलप्रमाणे व्हॉल्व्ह घेतल्यावर ते थांबले. नळीच्या बाबतीत मात्र चूक माझीच होती. हाताशी होती म्हणून पाण्याची साधी रबरी नळी लावली, ती दोन महिन्यांत ऑइलने फुगून मऊ पडली आणि ओढीने चपटी होऊन आतून बंद झाली, म्हणजे नवा व्हॉल्व्ह असूनही स्थिती पहिल्यासारखीच. त्यानंतर ऑइल सोसणारी नायट्राइल रबराची नळी घातली आणि एअर फिल्टरकडून येणारा ब्रीदर पाइपही पेट्रोलने धुऊन, वाळवून बसवला.

त्यानंतर गगनबावड्याचा घाट तीनदा झाला. ऑइलच्या पट्टीवरची पातळी हजार किलोमीटरला केसभर खाली जाते, आणि मागच्या सीलखाली ठेवलेला पुठ्ठा कोरडा राहतो. टॅपेट कव्हरचे पॅकिंग मात्र आधीच कडक झालेले असल्यामुळे ते तिसऱ्यांदा बदलावेच लागले. या वेळी मिस्त्रींनी सीलंट फासू दिले नाही आणि बोल्ट बेताने आवळले, कारण जास्त आवळल्यास पत्र्याचे कव्हर वाकते. चारही सिलिंडरचे कंप्रेशन (पिस्टनने दाबलेल्या हवेचा दाब) जवळपास सारखे आले, हे माझे नशीब. रिंगाच झिजल्या असत्या तर एवढ्याशा व्हॉल्व्हने तो वायू आवरला नसता.

डिस्ट्रिब्युटरच्या (सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) ओ-रिंगजवळ अजून थोडा ओलावा दिसतो. तेवढे काम पुढच्या ऑइल बदलाच्या वेळी करून घेणार आहे.