लाल औषध घ्यायचं की टाळायचं?

मावशीला स्तनाचा कॅन्सर निघाला, हर-टू पॉझिटिव्ह, म्हणजे पेशींवर हर-टू हे वाढीला चालना देणारं प्रथिन जास्त असलेला. डॉक्टरांनी केमोचे दोन पर्याय समोर ठेवले आणि सोमवारी ठरवून या म्हणाले. तुमच्याही घरात हाच प्रश्न आला असेल, तर हे तुमच्यासाठी.

एक एसी-टीएच: आधी डॉक्सोरुबिसिन असलेल्या चार सायकल, मग डोसेटॅक्सेल. दुसरा टीसीएच: डॉक्सोरुबिसिन नाहीच, डोसेटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिनच्या सहा सायकल. हर-टूला अडवणारं ट्रास्टुझुमॅब हे औषध दोन्हींत, वर्षभर.

डे-केअरमध्ये ज्याला सगळे 'लाल औषध' म्हणतात, ते हे डॉक्सोरुबिसिन. सिस्टर ते सिरिंजनं हळूहळू सोडतात. नंतर लघवीही लालसर होते, घाबरू नका. खरी काळजी हृदयाची. हे औषध हृदयाच्या स्नायूपेशींत शिरून डीएनए तोडतं, पेशीला ऊर्जा पुरवणारी मायटोकॉन्ड्रिया बिघडवतं. मेलेल्या पेशींच्या जागी नव्या जवळपास येतच नाहीत. म्हणून आयुष्यभरात मिळालेल्या एकूण डोसचा हिशेब ठेवतात.

ट्रास्टुझुमॅबचं वेगळं. हृदयाच्या पेशी स्वतःची डागडुजी करायला हर-टूचाच आधार घेतात आणि हे औषध तोच अडवतं. पंपिंग कमी होतं, पण औषध थांबवल्यावर बहुतेकदा सावरतं. डॉक्सोरुबिसिननं जखमी झालेल्या पेशींची डागडुजीही बंद पडली, तर मात्र धोका वाढतो.

2011 साली प्रसिद्ध झालेल्या बीसीआयआरजी 006 या चाचणीत तीन हजारांवर स्त्रिया होत्या. हार्ट फेल्युअर एसी-टीएचमध्ये 2 टक्के, टीसीएचमध्ये 0.4 टक्के. पाच वर्षांनी आजार न उलटलेल्या अनुक्रमे 84 आणि 81 टक्के. हा तीन टक्क्यांचा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरला नाही. तरी आजार काखेतल्या बऱ्याच गाठींत पसरला असेल, तर या फरकाचा विषय डॉक्टरांसमोर जरूर काढा.

मावशी 64 वर्षांची, बीपी आणि मधुमेह दोन्ही. आम्ही टीसीएच घेतलं, आणि अशा पेशंटसाठी मी आजही तेच म्हणेन. कार्बोप्लॅटिन रक्तावर येतं. तिसऱ्या सायकलला प्लेटलेट उतरल्या, आठवडाभर थांबावं लागलं.

पर्याय कुठलाही असो, पहिल्या डोसआधी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करा, ट्रास्टुझुमॅब चालू असेपर्यंत दर तीन महिन्यांनी पुन्हा, शक्यतो एकाच ठिकाणी. रिपोर्टवरचा ईएफचा, म्हणजे हृदयाच्या पंपिंगचा आकडा वहीत लिहा. जिना चढताना नव्यानं धाप लागली, पावलं सुजली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी फोन करा.